भोसले घाट आणि बुंददाणा

काशीस मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे चालू लागले आणि शिंदे घाट मागे टाकला की थोड्याच अंतरावर भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी तो १७८० च्या सुमारास बांधविला. नावेतून पाहणाऱ्यास तो घाटापेक्षा गढीसारखा अधिक भासतो. खाली जाड दगडी भिंत, आणि अगदी वरच्या अंगास तेवढी लहान लहान खिडक्यांची रांग. भोसल्यांचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ येथेच आहे. यमेश्वर व यमादित्य ही स्थानेही याच घाटावरची. येथून आणखी उत्तरेस गेले म्हणजे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट असा तो भाग येतो, की ज्याच्या गल्ल्यांतून मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. ज्या राज्याने हा घाट बांधला ते १८५४ साली खालसा झाले. पायऱ्या मात्र दर पावसाळ्यात गंगेखाली जातात आणि दर शरदात गाळ धुऊन पुन्हा वर येतात.

परंतु आम्ही लिहिण्यास बसलो आहोत ते घाटाविषयी नव्हे, तर त्याच्या वरच्या गल्लीत निघू पाहणाऱ्या एका भट्टीविषयी. आमच्या कचेरीतील एक वडीलधारे सहकारी पुढील वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. ते मूळचे नागपूरचे. कचेरीत सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. भोसले घाटाच्या वरच्या बाजूस तळमजल्याची एक खोली भाड्याने घ्यावी, धाकट्या मुलाने व सुनेने तेथे कॉफीच्या बिया भाजण्याचे लहानसे यंत्र बसवावे, आणि निवडक बागांची कॉफी ताजी भाजून विकावी, असा त्या कुटुंबाचा बेत आहे. भांडवल म्हणजे अण्णांच्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम. आमच्या वर्तणूक नियमांतील पंधरावा नियम सरकारी नोकरास पूर्वपरवानगीवाचून व्यापार करू देत नाही, आणि कुटुंबातील कोणी व्यापारात पडल्यास तेही कळविण्यास सांगतो. तेव्हा अण्णांनी तो अर्ज सर्वांत आधी लिहून ठेवला. मग आम्हांस इतिहासाचे वेड आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी विचारले, "या धंद्यात लहान माणूस पूर्वी कधी टिकला आहे काय, एवढे मला शोधून सांगा." पुढील मजकूर हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

जुन्या मराठीत कॉफीच्या बियांस बुंद किंवा बुंददाणे म्हणत. शब्द अरबीतून आला, आणि वस्तूही तिकडूनच आली. बाबा बुदन नावाच्या एका सूफी संताने सतराव्या शतकात यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या व म्हैसूर प्रांतातील चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. चिकमगळूरजवळच्या त्या डोंगरास आजही त्याचेच नाव आहे. अरबांचा कटाक्ष असा की उगवू शकेल असे बी परदेशी जाऊ द्यायचे नाही. म्हणून ही चोरी पुण्यप्रद ठरली असावी. एकोणिसाव्या शतकात त्याच डोंगरांत इंग्रज मळेवाले शिरले आणि कॉफी हे निर्यातीचे पीक झाले.

दक्षिणेतील घरांत हिरवी बी आणून ती घरीच भाजण्याची व दळण्याची रीत फार दिवस होती. आपल्या महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांत कॉफी आली ती बहुधा तयार पुडीच्या रूपाने, आणि आपण तिला जायफळ लावून, दुधात उकळून, पुरती आपलीशी करून टाकली. जायफळाची ती कॉफी आम्हांस अजून प्रिय आहे. परंतु हेही खरे की दूध, साखर आणि जायफळ यांच्या त्या मिलाफात बी कोणत्या डोंगरावरची होती हे कळण्यास जागाच उरत नाही. भाजणाऱ्याचे कसब तेथे व्यर्थ जाते.

ते कसब काय असते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. हिरव्या बीत दहा ते बारा टक्के पाणी असते. उष्णता लागली की प्रथम ते पाणी निघू लागते, दाणा गव्हासारखा पिवळा होतो, मग भाजलेल्या पावासारखा वास सुटतो, आणि सुमारे १९५ अंशांच्या पुढे आतील वाफेच्या व वायूच्या दाबाने दाणा लाहीप्रमाणे तडकतो. तेथून पुढचा खेळ मिनिट-दोन मिनिटांचा. लवकर काढला तर आंबटपणा व फळांचा गंध राहतो. उशीर केला तर कडवटपणा वाढतो. अजून रेंगाळले तर दुसऱ्यांदा तडतड होऊन तेल पृष्ठभागावर येते, आणि मग कोणत्याही बागेची कॉफी कोळशासारखीच लागते. काशीचा भडभुंजा तापल्या वाळूत चणे भाजतो ते पाहिले म्हणजे या विद्येचे मूळ कळते. एक दाणा करपू नये आणि दुसरा कच्चा राहू नये, एवढ्यासाठीच वाळू. कॉफीच्या यंत्रात वाळूचे काम फिरते पिंप व तापलेली हवा करते.

आता लहान माणसाकडे वळू. मुंबईत १८८८ साली पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी पोराने कॉफी भाजून दळून विकण्याचे एक छोटे दुकान काढले. पुढे ज्या पोल्सन या नावाने सारा देश लोणी खाऊ लागला, त्या पोल्सनचा आरंभ हा असा कॉफीच्या भट्टीतून झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. कॉफीत चिकोरीचे मूळ भाजून मिसळलेली 'फ्रेंच कॉफी' हा त्यांचा प्रसिद्ध माल. चिकोरीची ही खोड युरोपात नेपोलियनच्या काळी बळावली. १८०६ पासूनच्या नाकेबंदीने समुद्रापारची कॉफी मिळेना, तेव्हा लोकांनी मुळ्या भाजल्या. आपल्याकडे ती स्वस्ताईसाठी रुजली. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे उरलेले ४९ टक्के मूळ असले तरी डब्यावर कॉफीचे नाव चालते, मात्र प्रमाण छापावे लागते. आम्ही सध्या ज्या प्रदेशात नोकरी करतो तेथील वाचकांस हे ऐकून गंमत वाटेल की त्या मुळांपैकी बरीच उत्तर प्रदेशाच्या पश्चिमेकडील एटा, अलीगढ या भागांत पिकतात. दक्षिणेच्या पेल्यात उत्तरेचा वाटा असा आहे.

पोल्सन टिकले, पण कॉफी भाजणारे म्हणून टिकले असे म्हणवत नाही. त्यांचे ऐश्वर्य लोण्याने आणले. आणंदची त्यांची डेअरी, खेडा जिल्ह्यातील दुधावरचा त्यांचा मक्ता, आणि १९४६ साली त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी उभारलेला सहकारी संघ, ही कथा सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे एवढेच की त्या काळी भाजणाऱ्याची पत त्याच्या स्वतःच्या नावावर होती. बी कोठली, कोणाच्या मळ्यातली, हे गिऱ्हाईक विचारीत नसे. मिश्रण एकसारखे ठेवणे हीच कीर्ती. अशा धंद्यात जो मोठा होतो तोच उरतो, कारण एकसारखेपणा मोठ्या भट्टीस स्वस्तात साधतो आणि छोट्या भट्टीस महागात पडतो. अण्णांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणून ते फारसे दिलासा देणारे नाही.

यानंतरचा काळ तर लहान भट्टीवाल्यास अधिकच अडचणीचा गेला, आणि तोही सद्हेतूने. १९३० नंतरच्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले. देशातच कॉफी पिणारे वाढावेत म्हणून उपकर बसवून प्रचार सुरू झाला. १९३६ साली मुंबईत इंडिया कॉफी हाऊस उघडले ते त्यातूनच. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडली, तेव्हा मळेवाल्यांस वाचविण्यासाठी १९४२ चा कॉफी कायदा झाला. त्यान्वये बियाण्यास व घरखर्चास लागेल तेवढी वगळता सारी कॉफी एका सामायिक साठ्यात घालणे बंधनकारक झाले. त्यास पूल म्हणत. मळेवाल्याने माल साफ करणाऱ्या गिरणीत पोचवायचा. तेथे त्याची प्रतवारी होऊन तो इतरांच्या मालात मिसळायचा. कॉफी मंडळाने त्याचा लिलाव करायचा. आणि मळेवाल्यास पैसे हप्त्याहप्त्याने, कधी कधी वर्षे लोटून, मिळायचे.

आम्ही सरकारी नोकर आहोत, म्हणून या पद्धतीची बाजू आम्हांस कळते. युद्धकाळात तिने हजारो लहान बागाईतदारांस तारले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट नाहीशी झाली, आणि ती म्हणजे बागेचे नाव. भाजणाऱ्यास लिलावात मिळे ते 'प्लँटेशन ए', 'पीबेरी', 'चेरी' असल्या प्रतीच्या नावाने. प्रत दाण्याच्या आकारावर व दोषांवर ठरे. चवीची ओळख तीत क्वचितच उतरे. सावलीखाली, उंचावर, निगुतीने पिकविलेली बी आणि शेजारच्या निष्काळजी मळ्यातली त्याच मापाची बी एकाच पोत्यात पडत. मग निगुतीने पिकवावे तरी कशासाठी? निबंध कोणी कसाही लिहिला तरी सर्वांस सारखेच गुण मिळणार म्हटल्यावर वर्गात जे होते तेच येथे झाले. कॉफी हाऊसची गोष्ट त्याच काळातली. मंडळाने ती बंद करण्यास घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ साली बंगळूर व दिल्ली येथे हे घडले. गप्पांचे मठ म्हणून त्या जागांनी मोठे काम केले. कॉफीची चव हा तेथे वादाचा विषय फारसा नव्हता. वादास इतर विषय पुष्कळ होते.

ही व्यवस्था मोडली ती देशाबाहेरच्या घडामोडींनी. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचे निर्यातीचे कोटे संपुष्टात आले आणि भाव गडगडले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि आपल्या कॉफीचे मोठे ठरलेले गिऱ्हाईक गेले. १९९२ मध्ये मळेवाल्यांस उत्पन्नाचा ३० टक्के भाग देशात स्वतः विकण्याची मुभा मिळाली, ती वाढत गेली, आणि १९९६ पर्यंत सक्तीचा साठा पुरता संपला. आता मळेवाला वाटेल त्यास, वाटेल तेवढे, अगदी एक पोतेही, विकू लागला.

आमच्या मते आजच्या लहान भट्टीवाल्याचा जन्म त्या वर्षी झाला, जरी तो दिसू लागण्यास आणखी पंधरा-वीस वर्षे गेली. 'स्पेशालिटी कॉफी' हा शब्द त्यापूर्वीच, १९७४ साली, एर्ना क्नुत्सेन या नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत व्यापार करणाऱ्या बाईंनी रूढ केला होता. विशिष्ट हवामानात व जमिनीत वाढलेली, स्वतःची वेगळी चव असलेली बी, असा त्यांचा अभिप्राय. पुढे तिला शंभरांपैकी गुण देण्याची पद्धत पडली आणि ८० किंवा अधिक गुणांची ती स्पेशालिटी, असा दंडक झाला. गुण देणारे ओळीने पेले मांडतात, भरड पूड घालून उकळते पाणी ओततात, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने फोडून वास घेतात, आणि मग चांगला मोठा आवाज करून चमचा चमचा भुरकतात. आमच्या आजीने त्यांस पंक्तीतून उठविले असते.

दिल्लीत २०१३ साली ब्लू टोकाई या नावाने एका दाम्पत्याने लहान प्रमाणावर हाच उद्योग आरंभिला. पाकिटावर मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापून ते डाकेने घरोघर पाठवू लागले. पुढे तो पुष्कळ वाढला. आणि अण्णांच्या अभिमानाचा विषय म्हणजे त्यांच्या नागपुरातही कॉरिडॉर सेव्हन या नावाची अशी भट्टी आहे, जिची कॉफी नागपूरबाहेरही नावाजली जाते. कॉफीच्या डोंगरांपासून एवढ्या दूर, संत्र्यांच्या व चहाच्या शहरात हे घडावे, यावरून इतके सिद्ध होते की डोंगर जवळ असण्याची आता आवश्यकता नाही. डोंगराचे नाव पोत्याबरोबर आले पाहिजे, म्हणजे झाले.

येथे हिशेब मांडणे प्राप्त आहे, कारण अण्णा लेखाशाखेचे आहेत आणि त्यांनी आम्हांस इतिहासाच्या आधी हिशेब विचारला होता. भाजताना वजनात सुमारे पंधरा टक्के घट येते. ६० किलोंचे पोते घेतले तर हाती ५१ किलो येते, म्हणजे पाव किलोची २०४ पाकिटे. हिरव्या बीचा भाव किलोमागे शंभर रुपयांनी चढला की भाजलेल्या किलोमागे सुमारे ११८ रुपये चढतात. घट भावासही लागते. आणि भाव चढतात ते दूरच्या कारणांनी. ब्राझीलमध्ये जुलै १९७५ मध्ये हिवाने बागा जाळल्या, आणि १९७७ साली न्यूयॉर्कच्या बाजारात भावाने जो उच्चांक गाठला तो ४७ वर्षे अभंग राहिला. २०२४ च्या डिसेंबरात तो मोडला. २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिका पौंडास चार डॉलरांच्या वर गेली. मोठे कारखानदार महिनोन्‌महिने आधी सौदे करून हा धक्का सोसतात. एक किलोच्या यंत्रावर दहा-बारा मिनिटांस एक घाणा काढणाऱ्यास ती सोय नाही. त्याने दोन-चार मळेवाल्यांशी वर्षानुवर्षे सरळ व्यवहार ठेवावा, भाव पडले तरी पाठ फिरवू नये, म्हणजे भाव चढल्यावर ते यास विसरत नाहीत. पूलच्या काळात असा ऋणानुबंध कायद्यानेच अशक्य होता. आज धंद्यातील तोच एक आधार आहे.

भोसले घाटाच्या मात्र स्वतःच्या अडचणी आहेत, आणि त्या दिल्लीस वा नागपुरास नाहीत. हिरवी बी आसपासचा वास व दमटपणा फार लवकर ओढून घेते. मणिकर्णिका तेथून थोड्याच पावलांवर आहे. वारा दक्षिणेचा असला की चितांचा धूर गल्लीत येतो. तेव्हा पोती तेथे उघडी ठेवणे नाही. घट्ट झाकणाचे डबे, आतून जाड प्लास्टिकच्या पिशव्या, आणि माल एकदम थोडाच. पावसाळ्याची तऱ्हा निराळी. मलबार किनाऱ्यावर तर मुद्दाम पावसाळी वारा देऊन बी फुगवितात. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपास पोचेपर्यंत ती महिनोन्‌महिने दमट हवेत फुगत असे, त्या चवीची लोकांस गोडी लागली, आणि आगबोटींनी प्रवास लवकर होऊ लागल्यावर ती चव किनाऱ्यावरच घडवावी लागली. परंतु ते जाणत्यांचे काम. काशीच्या तळमजल्यात दमटपणाने फक्त बुरशी येईल. पुराचा विचार तर हवाच. १९७८ साली गंगेची पातळी येथे ७३.९ मीटरवर गेली होती, धोक्याच्या खुणेच्या अडीच मीटरांहून अधिक वर. अण्णांनी खोली पसंत करण्यापूर्वी शेजाऱ्यांस त्या वर्षीच्या पाण्याची खूण दाखविण्यास सांगितले, यात त्यांची सारी सेवा दिसते. गल्लीत वाहन शिरत नाही. पोते हमालाच्या डोक्यावरून येणार, आणि पाकिटे मुलाच्या पाठीवरून जाणार.

गिऱ्हाईक कोण? काशी चहाची, ठंडाईची आणि लस्सीची नगरी. कॉफीचे जुने मर्मज्ञ दक्षिणेकडे, केदारघाट व हनुमानघाट येथील द्राविडी वस्तीत. परंतु त्यांस चिकोरीचा गडदपणा प्रिय, आणि त्यांच्या पितळी गाळणीपुढे नव्या मुलांची फळांच्या गंधाची कॉफी पातळ ठरण्याचा संभव आहे. अस्सीकडील उपाहारगृहांत परदेशी प्रवासी येतात, पण ते ऋतूपुरते. म्हणून आम्ही अण्णांस सांगितले की घाटावर भट्टी असावी, पण घाटावरच्या विक्रीवर तिचे पोट असू नये. पाकीट डाकेने जाणारे असावे. ताज्या भाजलेल्या बीतून कर्बवायू सुटत राहतो. तो बाहेर जाऊ देणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेची पिशवी मिळते, आणि तीत तीन-चार आठवडे चव चांगली राहते. आमच्यासारखे परप्रांती बदलून आलेले लोक देशभर विखुरलेले आहेत, हे अशा धंद्यास अनुकूलच आहे.

शोध घेता घेता एक गोष्ट अशी हाती आली, जी अण्णांनी विचारली नव्हती. विदर्भातील मेळघाटात, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, चिखलदरा आहे, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकविणारे ठिकाण म्हणून ते ओळखले जाते. त्याच्या लगतच गाविलगडचा किल्ला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला तेव्हा तो नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा होता. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. तहाने वऱ्हाड गेले, पण गाविलगड भोसल्यांकडे राहिला, आणि तोही १८२२ साली सुटला. पुढल्याच वर्षी इंग्रज अधिकाऱ्यांनी चिखलदऱ्याची हवा हेरली. कॉफीची रोपे तेथे लागली ती त्यानंतर, गोऱ्या लोकांच्या हातून. काशीस घाट बांधणाऱ्या घराण्याच्या डोंगरावर कॉफी उगवली, पण घराण्याचा अंमल उठल्यावर.

चिखलदऱ्याची लागवड थोडी आहे, आणि तिच्यातून ८० गुणांची बी निघेल की नाही हे पेले मांडून भुरकल्यावाचून कोणी सांगू नये. कूर्गच्या सावलीतल्या बागांशी तिची बरोबरी करण्याचा मोह नागपूरकरांस फार होतो, म्हणून हे लिहिले. परंतु त्या बीस नाव आहे, आणि ते नाव आज पाकिटावर छापता येते. तेथील एका बागाईतदारास अण्णांनी स्वदस्तुरचे पत्र पाठविले आहे: तोडणी झाल्यावर, फळे सुकवून साल काढलेली पाच किलो हिरवी बी नमुन्यादाखल मिळावी, भाव आपण सांगाल तो. नमुना कसाही निघाला तरी काय आढळले ते कळवीन, असेही त्यांनी खाली लिहिले. सुनेने यंत्र अजून घेतलेले नाही. ती तूर्त घरच्या लोखंडी कढईत पावशेर पावशेर भाजून तडकण्याचा आवाज ओळखण्यास शिकत आहे.